पहिले तीन शब्द

हिच्या खांद्यावर सात नंबरचं चिठोरं टाचणीनं लावताना बोट टोचलं ते माझंच. चाळीस वर्षं घड्याळांत केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस मी, आणि मला एक टाचणी धड लावता येईना.

"अहो, ऑडिशन माझी आहे की तुमची?" ही म्हणाली.

रविवारची सकाळ होती. आमच्या वस्तीच्या नाट्यमंडळाच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली होती आणि जो तो घसा साफ करत होता. पाणी जाऊन परत यायच्या वेळी नळ जसे खाकरतात, तसा सगळा प्रकार. यंदा मंडळानं गाण्यांचं नाटक करायचं ठरवलं होतं. गाता येतं असा समज असलेली वस्तीतली सगळी माणसं त्यामुळे घराबाहेर पडली होती, आणि असा समज नसलेला माणूस आमच्या वस्तीत विरळाच.

ही या मंडळात बावीस वर्षं आहे, पण स्टेजवर एकदाही गेलेली नाही. ही प्रॉम्प्टर. पडद्याच्या आडोशाला एका बुटक्या स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात बारीक बॅटरी घेऊन बसायचं, आणि नट अडकला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं. वाक्य म्हणजे पहिले तीन शब्द. फक्त तीन. चौथा शब्द दिला की नट आळशी होतो, असा हिचा सिद्धान्त आहे. तीन शब्द द्यायचे, तेही प्रेक्षकांना ऐकू जाणार नाहीत अशा घशातल्या आवाजात, आणि मग गप्प राहून वाट बघायची. मेलेला माणूस उठून बसावा तसा नट पुढे बोलायला लागतो. टाळ्या अर्थातच त्याला मिळतात. नाटकाच्या शेवटी आभार मानताना हिचं नाव खुर्च्यावाल्याच्या नंतर यायचं, आणि एकदा तेही राहिलं. मीच घरी येऊन आदळआपट केली होती. हिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

नोकरीही हिची अशीच. जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत हिनं एकतीस वर्षं काढली. वस्तीतल्या निम्म्या लोकांचं खरं वय हिला ठाऊक आहे, म्हणून कित्येक बायका हिच्याशी अदबीनं वागतात.

मग यंदाच हे स्टेजचं खूळ कुठून आलं, असं सगळ्यांनी विचारलं. हिनं सगळ्यांना हसून सांगितलं, की म्हातारपणी हौस आली. खरं कारण मला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. हिची नजर मधोमध पुसली जात होती. कडेचं स्वच्छ दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. पानावर बघितलं तर पान दिसे, पण बघावी ती ओळ गायब. चष्म्यानं हे सुधारणार नाही आणि वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. घराच्या दाराशी आल्यावर ही म्हणाली, "म्हणजे आता वही गेली."

मी म्हटलं, मंडळात सांगून टाकू, लोक समजून घेतील. तर माझ्यावरच उखडली.

"सांगितलं की काय होईल माहितीये? मला पहिल्या रांगेत खुर्ची देतील. काकू बसा, काकू कॉफी घ्या. मी त्या हॉलमध्ये पाहुणी म्हणून नाही बसणार. काम असेल तर जाईन, नाहीतर नाही. आणि कीव म्हणून दिलेलं काम तर मला नकोच. तुम्ही तोंड उघडलंत तर बघा."

मी तोंड उघडलं नाही. आमच्या घरात तोंड कधी उघडायचं याचे नियम फार जुने आहेत.

तेव्हा हे असं होतं. भूमिका मिळाली तर ही मंडळात राहणार, नाहीतर बावीस वर्षांचा हिशेब त्या रविवारीच संपणार.

हिला हवी असलेली भूमिका लहानशीच होती. रस्त्याकडेच्या खाणावळीतली म्हातारी, चार प्रवेश आणि एक गाणं. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की हिला सबंध नाटक वाचून दाखवत होतो. माझं वाचन म्हणजे घड्याळाच्या गॅरंटीचा कागद वाचावा तसं. नायक नायिकेला म्हणतो, तुझ्यावाचून मी जगू शकत नाही. हे मी अशा सुरात वाचलं, की ही म्हणाली, मुलगी दुसरीकडे लग्न करेल. पण तिसऱ्या आठवड्यात हिला नाटक तोंडपाठ होतं, स्वतःचं काम सोडाच, सगळ्यांचंच. गाणं हिनं मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगबरोबर म्हणून म्हणून बसवलं. मी मोरीत दाढी करताना ऐकत असे. छान म्हणायची.

त्या भूमिकेसाठी सात बायका होत्या. हिच्या आधीच्या सहांनी तेच गाणं म्हटलं. एकीनं गाण्यापूर्वीच रडून घेतलं. दवाखान्यातली एक नर्स मात्र खरोखर सुरेल गायली. ती गात असताना मी तिचा सूर चुकायची वाट बघत होतो, आणि ही शेजारी बसून तिला मनापासून दाद देत होती. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही.

मग सात नंबरचा पुकारा झाला. पायऱ्या चढताना मी हात द्यायला उठलो, तर हिनं मला नुसत्या खांद्यानं बाजूला केलं. सहा पायऱ्या आहेत हे हिला बावीस वर्षांपासून माहीत होतं. ही स्टेजच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पियानोवर शाळेतल्या संगीताच्या बाई होत्या. त्यांनी सुरुवातीचे सूर वाजवले आणि हिनं तोंड उघडलं.

"थांब जरासा गाडीवाल्या..."

आणि ही थांबली.

आवाज तोच, घशातला, विंगेतला. तीन शब्द बरोब्बर दिले आणि गप्प राहून वाट बघत उभी राहिली. घरी रेकॉर्डिंगचा आवाज हिला पुढे ओढून नेत असे. इथे तो नव्हता. समोर चेहरे होते, आणि या चेहऱ्यांना तीन शब्द देऊन थांबायचं, ही बावीस वर्षांची सवय.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तिसऱ्या रांगेत मीटरवाला बसला होता. वस्तीतले पाण्याचे मीटर वाचत हिंडणारा हा आमच्या मंडळाचा कायमचा नायक. रूप आहे, आवाज आहे, फक्त डोक्यात काही राहत नाही. एका नाटकात तो स्वतःचं नाव विसरला होता, आणि तेही हिनंच दिलं होतं. हिचे तीन शब्द कानावर पडले की पुढचं आपोआप त्याच्या तोंडातून बाहेर पडतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तसंच घडवलंय. तो बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात गायला,

"अजून उजाडलं नाही!"

हिनं मान डोलावली, नट सावरला म्हणून. आणि पुढची ओळ दिली, "चूल अजून ऊनच..." आणि परत थांबली. या वेळी मीटरवाल्याबरोबर मागच्या रांगेतले दोघं, पलीकडच्या तिघी आणि दाराशी उभा असलेला दिवेवाला, असे मंडळातले सगळे जुने लोक एका सुरात म्हणाले,

"कुणाला घाई नाही!"

मग काय झालं ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आणि हॉल हसून हसून आडवा झाला. हीसुद्धा हसली. हसणं वाईट नव्हतं, मी खात्रीनं सांगतो. त्या हसण्यात माया होती. पण कधी कधी मायेनंच माणसाचं वाटोळं होतं.

आमचे दिग्दर्शक एरवी दातांचे डॉक्टर आहेत. भला माणूस, दुखणार असेल तर आधी सांगतो. ते डोळे पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, बघितलंत ना? आमचा प्राण तुमच्या त्या स्टुलावर आहे. तुम्ही स्टेजवर आलात तर आम्हाला वाचवणार कोण? तुमची जागा तीच हो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत हिच्या एकटीसाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि नेमक्या हिला घरी पाठवणाऱ्या.

मी उठून उभा राहिलो. सांगणार होतो, की अहो डॉक्टर, ती जागा आता उरली नाही, वही हिला दिसत नाही. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात हिनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघितलं. हल्ली हिला समोरचा माणूस बघायचा तर बाजूला बघावं लागतं. ती नजर मला कळली आणि मी खाली बसलो.

"डॉक्टर, मी पुन्हा म्हणते," ही म्हणाली. "चूक माझी झाली, ती मला दुरुस्त करू द्या. या सगळ्यांना तोंडं मिटायला सांगा. आणि तू," हिनं मीटरवाल्याच्या दिशेनं बोट केलं, "तू बाहेर जा."

"मी? काकू, मी नाही गाणार आता."

"तुझा भरवसा नाही. जा."

चाळिशीचा नायक मान खाली घालून बाहेर गेला आणि काचेच्या दाराला नाक लावून उभा राहिला. लोक पुन्हा हसले, पण लवकर थांबले. हिच्या उभं राहण्यात काहीतरी होतं. संगीताच्या बाईंनी पुन्हा सूर धरले.

"थांब जरासा गाडीवाल्या..."

या वेळीही मध्ये फट पडली. लहानशीच, पण मला ती दिसली. बंद पडणारं घड्याळ मला टिकटिकीवरून कळतं. दिवेवाल्याचे ओठ हलले, शेजारणीनं त्याला कोपर मारलं. संगीताच्या बाई वाजवत राहिल्या. आणि मग ही स्वतःच पुढे गेली, "अजून उजाडलं नाही." दुसऱ्या ओळीला फट नव्हती. तिसऱ्या ओळीपासून तो घशातला आवाज कुठेतरी राहिला आणि दुसराच आवाज बाहेर आला. जाडसर, थोडा खरबरीत, एका वरच्या सुरावर चक्क फाटला. नर्सच्या आवाजापुढे तो काहीच नव्हता. पण ती खाणावळीतली म्हातारी तिथे उभी होती आणि वाटसरूला खरंच जाऊ द्यायला तयार नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्याला वाक्यं देणाऱ्या बाईनं एक गाणं सबंध, शेवटच्या शब्दापर्यंत, स्वतःसाठी म्हटलं. मला रडू आलं. माझ्याच बायकोचं गाणं ऐकून मी रडलो, त्यात लाज कसली.

टाळ्या झाल्या, पण मघासारख्या नाहीत. जरा उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. डॉक्टर आणि संगीताच्या बाई कोपऱ्यात जाऊन बोलत होते. नर्स माझ्या पुढच्याच खुर्चीत होती, ती मागे वळून म्हणाली, "काका, हे काम काकूंचंच. मला नायिकेची आई दिली तरी बास." नंतर तिला तेच काम मिळालं.

डॉक्टर परत आले आणि त्यांनी सांगितलं, खाणावळीची म्हातारी, सात नंबर. दार उघडून मीटरवाला सगळ्यांत आधी आत धावला आणि स्टेजवर चढला. डॉक्टर हसत होते, पण चिंतेतही होते. "काकू, काम तुमचं. पण विंगेत कोण बसणार ते तुम्हीच सांगा."

"बघू," ही म्हणाली. "मला सगळ्यांचं पाठ आहे. स्टेजवरूनच देईन."

आमच्या मंडळात काम मिळालं, की सगळ्यांदेखत तालमीच्या रजिस्टरात सही करायची रीत आहे. रोज येईन, वेळेवर येईन, म्हणून. डॉक्टरांनी रजिस्टर हिच्यापुढे टेबलावर उघडलं, पेन हातात दिलं. ही वाकली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पेनचं टोक कागदाच्या वर तसंच फिरत राहिलं. हॉलमधला गलका कमी होत गेला. मी खुर्चीवरून अर्धा उठलो, पण हिनं मला हाक मारली नव्हती.

मग ही सरळ उभी राहिली. आणि घशातल्या नाही, त्या नव्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला ओळ दिसत नाही. कुणीतरी दाखवा."

डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मीटरवाला टेबलापाशी गेला, हिच्या शेजारी वाकला आणि त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"इथून, काकू," तो हळूच म्हणाला.

हिनं पेन त्याच्या बोटाला टेकवलं आणि आपलं पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली. त्याचं बोट एक एक अक्षर पुढे सरकत होतं, आणि त्याच्यामागून पेन.