बाराच्या बोटीचं पान

मित्रांनो, मोबाईलवर बोटीचं वेळापत्रक उघडून तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता. ते दुसरं पान आणतं कोण, असं कधी विचारलंत? नऊ वर्षं ते मी आणलं. मी पानं बदलणारा एक जुना प्लगिन, म्हणजे वेबसाइटला वरून जोडलेला छोटासा प्रोग्राम.

ताविता नावाच्या पोराने मला आपिया या बेटावरच्या बंदराच्या शहरात लिहिलं, त्याच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर, कोकोचा पेला शेजारी ठेवून. मी हळू होतो, कबूल! पण दर वेळी बंदरावरच्या ऑफिसातून ताजी वेळ घेऊन यायचो. शेजारची मलाएआ मावशी म्हणायची, "हळू आहे मेला, पण खोटं बोलत नाही!" एवढ्या कौतुकावर मी नऊ वर्षं काढली.

मग वेबसाइट ज्या सांगाड्यावर उभी असते त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात पानं बदलणारा नवा प्रोग्राम आतच निघाला. टिचकी मारायच्या आत पान हजर! ताविताची भागीदार फेतू नाचायचीच काय ती बाकी होती.

"या म्हाताऱ्याला काढून टाकू या का?" ती म्हणाली.

"राहू दे गं," ताविता म्हणाला. "आता पान बदलण्याआधी प्लगिनला विचारायची सोय आहे. नवा पानं आधीच आणून ठेवतो. एखादं शिळं असलं तर हा अडवेल."

म्हणजे कालपर्यंत मी घरधनी, आज दारावरचा राखणदार! नव्याचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका गुरुवारी समुद्र खवळणार म्हणून बाराची बोट दहालाच सोडायचं ठरलं. त्याच बोटीने मलाएआ मावशीला धाकट्या बेटावर जायचं होतं. तिचा भाऊ वारला होता. दफनाआधी त्याच्यावर घालायला तिने स्वतः विणलेली बारीक चटई काढून ठेवली होती. सकाळी तिने 'आजच्या फेऱ्या'वर टिचकी मारली. नव्याने काल आणून ठेवलेलं पान पुढे केलं आणि मला विचारलं, दाखवू का?

बंदरावरच्या ऑफिसातून ताजी वेळ मी आणलेली होती, मला सगळं ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. आपटू दे एकदा तोंडावर, म्हटलं. माझं उत्तर येईना, तेव्हा पान तसंच गेलं. त्यावर बाराची वेळ होती.

अकराला मावशी धक्क्यावर पोचली, तेव्हा बोट केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी ती बेटावर उतरली तोवर माती लोटून झाली होती.

परत आल्यावर ती तडक ताविताकडे आली. चटई तिच्या काखेतच होती.

"तुझा तो हळूबाई कुठाय रे? तो असता तर मी भावाचं तोंड पाहिलं असतं!"

ताविताची मान खाली गेली. त्याच दिवशी त्याने मला पुन्हा जुन्या जागी बसवलं.

मित्रांनो, जुन्यांना जपा, असं सांगून मी संपवणार होतो. आता कुठल्या तोंडाने सांगू? एवढंच सांगतो: तुम्हाला ठाऊक असलेलं कुणी विचारलं, तर बोला. विचारणारा नावडता असला तरी बोला.

पानं पुन्हा मीच आणतो. मावशी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हळू आहे मेला, पण खोटं बोलत नाही."