काशीरामचे कान

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काशीरामच्या गॅरेजवर पाटी नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचं कधी अडलंही नाही. गाडीत कसला आवाज येतोय हे कुणालाच कळेनासं झालं की लोक म्हणायचे, "काशीकाकांना ऐकव." काशीराम बॉनेटवर वाकायचा, डोळे मिटायचा आणि दोन मिनिटांत दुखणं सांगायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं. गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर त्याने घेतला होता तो गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी. त्याचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

आता यातली खरी गोष्ट अशी, की त्या कानांनी वर्षभरापूर्वीच दगा द्यायला सुरुवात केली होती. जाडे आवाज ऐकू यायचे. बारीक, किरकिरे आवाज मात्र जगातून उठूनच गेले होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! माणूस बोलू लागला की ओठांकडे बघायचं, नाहीच कळलं तर "हो हो" म्हणायचं, आणि गाडी आली की पूर्वीसारखीच मान हलवायची. अनुभव एवढा दांडगा की दहांतून नऊ वेळा अंदाज बरोबर यायचा. दहाव्या वेळेचा विचार तो करत नसे.

मंगळवारी विनिता गाडी घेऊन आली. ही माहेरची मनोरीची कोळीण, लग्न होऊन चारकोपला सेक्टरात राहायला आलेली. गाडी नवऱ्याच्या नावावर, पण चालवायची हीच.

"काका, तासभर चालवली की आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की मुकाट चालू होते. आणि पेट्रोल भरताना ते नोझल सारखं आपोआप बंद होतं. पंपवाला माझ्यावरच खेकसतो, यार."

काशीरामने रोग तिथेच ओळखला. पेट्रोलच्या टाकीला श्वास घ्यायला एक वाट असते. त्या वाटेवर एक छोटा वॉल्व असतो, तो एरवी उघडा असतो. तोच बंद होऊन अडकला तर टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं, पण बाहेरची हवा आत येत नाही. टाकी आतून आवळत जाते आणि शेवटी इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं. मग लावलेल्या स्कॅनरनेही त्याच वॉल्वकडे बोट दाखवलं. खात्री करायची रीत सोपी. वॉल्वचा प्लग काढायचा आणि बॅटरीच्या दोन वायरी त्याला लावायच्या. जिवंत असेल तर तो 'टिक' करतो, मेला असेल तर गप्प बसतो.

काशीराम गाडीखाली शिरला आणि त्याने वायरी लावल्या. त्याला काही ऐकू आलं नाही. पण शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकणं चाललं होतं, आणि शिवाय हल्ली त्याला असं कुठे काय ऐकू यायचं? विनिता वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने वायर काढली, पुन्हा लावली आणि मान डोलावली.

"वाजला. वॉल्व ठणठणीत आहे. मशीन काय, काहीपण बोंबलतं."

पाईप काढून फुंकर मारून बघायला दहा मिनिटं लागली असती. पण एकदा 'वाजला' म्हटल्यावर फुंकर कशाला? त्याने टाकीचं झाकण पाहिलं, त्याचं रबर तडकलं होतं. दोष सापडल्यावर माणसाला जे समाधान होतं ते त्याला झालं. नवं, घट्ट झाकण बसवून त्याने गाडी देऊन टाकली.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला विनिता नटूनथटून गाडीने गॅरेजसमोरून गेली. मनोरीहून बोटीने आलेली तिची आई सगुणा मागे बसली होती. "मुलुंडला चाललोय काका, मावसबहिणीचा साखरपुडा!" विनिता ओरडली. काशीरामने हात हलवला.

पाऊण तासाने तो शेजारी शुभाच्या दुकानात चहा प्यायला गेला. शुभा गाड्यांचे सुटे भाग विकायची. तिच्याकडे नवा माल आला होता, त्यात तसलेच चार वॉल्व होते. एकदा खराब माल गळ्यात पडल्यापासून ती प्रत्येक नग तपासूनच फळीवर ठेवायची. तिने एका वॉल्वला वायरी लावल्या, मान डोलावली आणि तो बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला, मग तिसरा.

"झकास वाजतायत सगळे. नाही का, काका?"

दुकानात ना हातोडा होता ना ग्राइंडर. काशीरामला कुठलाच वॉल्व ऐकू आला नव्हता.

त्याने चहा खाली ठेवला, चौथा वॉल्व हातात घेतला आणि म्हणाला, "परत लाव." शुभाने वायर टेकवली. त्याच्या बोटाला आतून बारीकसा ठोका लागला. पुन्हा लावली, पुन्हा ठोका लागला. कानात मात्र शुकशुकाट होता. म्हणजे वॉल्व एवढा जवळ, एवढ्या शांततेत वाजला तरी त्याला कळत नव्हतं. मग मंगळवारी त्याने काय ऐकलं होतं?

आणि मग त्याला ते झाकण आठवलं. जुन्या झाकणाचं रबर तडकलं होतं म्हणून तिथून थोडी तरी हवा आत जात होती, म्हणून गाडी तासभर तग धरायची. तीही फट त्याने बुजवली होती. वॉल्व अडकलेलाच असेल तर गाडी आता आणखी लवकर बंद पडणार होती, आणि विनिता हायवेला होती. मागच्या सीटवर तिची म्हातारी आई होती.

त्याने फोन लावला. घाईत पहिल्यांदा भलताच नंबर लागला. दुसऱ्यांदा विनिताने उचलला. ती काहीतरी भराभर बोलत होती, आणि मागे गाड्यांचे भोंगे घुमत होते. भोंगे त्याला ऐकू येत होते. तिचे शब्द मात्र नुसते किडे वळवळल्यासारखे वाटत होते. सवयीने त्याच्या तोंडातून "हो हो" निघालं आणि त्याची त्यालाच शिसारी आली. हो काय? कशाला हो?

त्याने फोन शुभापुढे धरला. "शुभा, तू ऐक. माका ऐकूक येणा नाय."

"रेंज नाही का?"

"रेंज आसा गो! माझे कान गेले हत. ऐक आधी!"

शुभाने फोन कानाला लावला आणि ऐकलेलं एकेक वाक्य त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने सांगू लागली. "पवईच्या पुढे पुलावर गाडी बंद पडलीय. मधल्या लेनमध्ये. मागून ट्रक येतायत. आई खाली उतरायला तयार नाही."

"चारी इंडिकेटर चालू कर म्हणावं. आईला हाताला धरून उतरव, कठड्याला लागून पुढे लांब नेऊन उभी कर. मग टाकीचं झाकण उघड. हळूच."

शुभाने सांगितलं आणि ती थांबली. ते थांबणं काशीरामला सहन होईना. एखादा ट्रक येऊन धडकला तरी इथे आपल्याला आवाजसुद्धा कळणार नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने दुकानाची फळी घट्ट धरली.

"आई उतरली," शुभा म्हणाली. "झाकण उघडलं. म्हणते, केवढ्याने फूस्स झालं, हवा आत ओढल्यासारखं."

मग वॉल्वच होता. पहिल्यापासून वॉल्वच होता.

"झाकण अर्धवट लाव, घट्ट करू नको. एक मिनिट थांब आणि स्टार्टर मार."

मग शुभाने अंगठा वर केला. "चालू झाली."

"आईला घेऊन पुलाखाली उतर म्हणावं, आणि सर्व्हिस रोडला बाजूला घे. मी येतोय."

नवा वॉल्व, दोन वायरी आणि चार पाने घेऊन तो रिक्षात बसला. रस्ताभर त्याला वाटत होतं, गाडी पुन्हा बंद पडली असेल, आणि फोन करून विचारायचीही सोय नाही. तो पोचला तेव्हा सव्वाबारा वाजत आले होते. पुलाखाली गाडी उभी होती, दोघी जणी शेजारी उभ्या होत्या. दोघींना धडधाकट बघून त्याला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

तो गाडीखाली शिरला. जुना वॉल्व सोडवून बाहेर काढला, वायरी लावल्या आणि विनिताला म्हणाला, "तू ऐक."

"मी?"

"मला ऐकू येत नाही. वर्ष झालं."

विनिता साखरपुड्याच्या साडीत तशीच खाली वाकली. "काही नाही वाजत." काशीरामने त्याच वायरी नव्या वॉल्वला लावल्या. "हा वाजला. एकदम क्लिअर." मग ती जरा अडखळली. "काका, मंगळवारी पण नव्हता वाजला."

"मग बोललीस का नाही तेव्हा?"

"तुम्ही म्हणालात ना, वाजला. मला वाटलं, मलाच ऐकू येत नाही."

सगुणा थेट काशीरामवर उखडली. "कान गेलं त गेलं, तोंड पन गेलं होतं काय र तुजा? माजी पोरगी मेली असती!"

"आई, राहू दे गं," विनिता म्हणाली. पण तिच्याही आवाजात माया नव्हती. तिने रुमालाने हात पुसले आणि सरळ विचारलं, "काका, वर्षभरात असे आणखी किती गाड्यांचे आवाज तुम्ही ऐकलेत?"

काशीराम आठवू लागला. कुणाच्या पट्ट्याची किरकिर होती, कुणाच्या बेअरिंगची शीळ. मग सोमवार आठवला आणि तो तसाच रस्त्यावर बसला. धाकूची शाळेची व्हॅन. "ब्रेक मधूनच बारीक चिरकतात, काका," असं धाकू सांगत होता. काशीरामने एक फेरी मारली होती आणि म्हटलं होतं, कुठे चिरकतायत? धूळ असेल, बिनधास्त ने. ब्रेकचे पॅड झिजून संपत आले की नेमका तसाच आवाज येतो.

"किती मुलं बसतात?" विनिताने विचारलं.

"चौदा. शाळा साडेबाराला सुटते."

त्याने धाकूचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "सांग त्याला, गाडी जागची हलवू नको. का म्हणून विचारेल. सांग, काशीरामला ऐकू येत नाही."