गाऊन निवडायला तू ये

लेकीचा फोन आला तेव्हा मी एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात दुरुस्तीसाठी उतरलो होतो. पदवीदानाला घरच्यांसाठी दोनच पास मिळतात, म्हणाली. एक आईला, एक आईच्या नवऱ्याला. मी म्हटलं, बरोबरच आहे. लहानपणापासून तुला शाळेत सोडलं, आणलं, ते त्या गृहस्थांनी. बोलायला छान बोललो आणि हातातला पाना आपटला. जित्याची खोड, दुसरं काय.

"पण बाबा, गाऊन निवडायला तू ये," ती म्हणाली. "आई येते म्हणत होती, मीच नको म्हटलं."

आता मला गाऊनमधलं काय डोंबल कळतं? तरी गेलो. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलेजच्या तळघरात एक लांबलचक खोली होती, काळे गाऊन रांगेने टांगलेले, आणि टेबलामागे एक बाई बसलेल्या. त्यांनी लेकीची उंची विचारून एक गाऊन काढून दिला. तो खांद्यावरून घसरत होता. दुसरा मागितला, तर त्याच्या बाह्यांत हातच सापडेनात. बाई म्हणाल्या, एका दिवसापुरता तर घालायचाय. झालं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. लग्नसुद्धा एकाच दिवसाचं असतं बाई, म्हणून कोणी दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून उभं राहतं का? लेकीने माझा हात ओढला. मग मीच त्या रांगेत घुसलो आणि एकेक काढून तिच्या पाठीला लावून बघायला लागलो. पाचवा की सहावा नीट बसला.

टोपीपाशी मात्र घोडं अडलं. एकही टोपी डोक्यात जाईना. डोकं माझ्यावर गेलंय तिचं, भोपळ्याएवढं. "बुटके, उंची आईची घेतलीस, मग डोकंही तिचंच घ्यायचंस," मी म्हटलं. ती हसता हसता खालीच बसली. टेबलामागच्या बाईंनाही हसू आवरेना. शेवटी त्यांनीच कपाटावरून एक मोठी टोपी शोधून दिली.

लेक आरशासमोर उभी राहिली आणि मला रडू आलं. लपवलं नाही, कशाला लपवू? खिशातून फोन काढला, तर म्हणाली, आत्ता नको बाबा, त्या दिवशीचे पाठवते.

गाऊन उतरवताना तिने उरलेलं सांगितलं. माझ्याकडे पाठ करून सांगितलं. त्या दिवशी मी बाहेरसुद्धा येऊन थांबू नये. मी आणि तिची आई समोरासमोर आलो की काय होतं ते तिने पुष्कळ बघितलंय. तिला एक दिवस शांत हवा होता. मी म्हटलं, नाही येणार. तिचं काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन सांगणार कोणाला? वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला जिन्यात अडवून सांगितलं, माझी लेक पदवीधर झाली. तो अभिनंदन म्हणाला आणि खाली उतरून गेला.

समारंभाच्या दिवशी दुपारपर्यंत दम धरला. मग राहवेना. लांबून बघू, कोपऱ्यावरूनच परत फिरू, असं स्वतःला बजावत निघालो. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर सगळा रस्ता गाऊनवाल्यांनी भरलेला. सगळ्या काळ्या पाठी. मी टाचा उंचावून शोधत होतो, तेवढ्यात कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, आमचा एक फोटो काढून देता?"

टाय लावलेले, चांगले बोलणारे गृहस्थ. त्यांनी फोन माझ्या हातात दिलासुद्धा. त्यांच्या मागे तिची आई होती आणि शेजारी गाऊनमध्ये लेक. त्या गृहस्थांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, मीही त्यांना नाही. तिच्या आईने पर्स छातीशी घट्ट धरली. आता हा तोंड उघडणार, याचीच ती वाट बघत होती. लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती काहीतरी बोलणार होती.

"मॅडम, तुम्ही जरा मध्ये या," मी लेकीला म्हटलं.

ती जागची हलेना. मग आली मध्ये. गृहस्थांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी हसा म्हटलं, पण ती हसेना.

"अगं हस की," गृहस्थ म्हणाले, "किती वेळ ताटकळत ठेवायचं त्यांना."

ती हसली. मी फोटो काढला, आणखी दोन काढले आणि फोन परत दिला. गृहस्थांनी फोटो बघितले, सुरेख आलेत म्हणाले, मनापासून आभार मानले. भला माणूस होता, माझा राग कुठे ठेवू ते कळेना.

"तुमचंही कोणी आहे का आज इथे?" त्यांनी विचारलं.

लेक माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "मी आपला असाच चाललो होतो."