लूनचा नाच

आमच्या तळ्यावर पर्यावरण आलं ते ब्रिटाच्या गाडीच्या टपावर बसून. शेजारचं घर तिनं उन्हाळ्यापुरतं घेतलं होतं. दर शुक्रवारी रणगाड्याएवढी गाडी हाकत शहरातून यायची, टपावरचा पॅडलबोर्ड, म्हणजे प्लास्टिकची लांबलचक फळी, पाण्यात सोडायची आणि त्यावर उभी राहायची. हातात वल्हं, चेहऱ्यावर पुण्य.

"काका, ही गळाच्या किड्यांची प्लास्टिकची डबी कुजते का हो? नाही ना?" ती माझ्या नवऱ्याला, वेंडेलला विचारायची. "आणि ती मोटारबोट! माझं बघा, ना धूर, ना आवाज."

"तिथंच तर घोळ आहे, पोरी. माझा खटारा लांबून ऐकू येतो. लूनला कळतं, म्हातारा आला. तू मांजरीसारखी येतेस."

लून म्हणजे आमच्या तळ्याचा लाल डोळ्यांचा, काळापांढरा पाणपक्षी. गेली दोन वर्षं पाणी चढलं आणि जोडीची अंडी बुडाली. म्हणून वेंडेलनं हिवाळाभर खोकत, शिव्या हासडत ओंडक्यांचा तराफा बांधला आणि बर्फ वितळल्यावर लव्हाळ्यात नांगरला. लूननं त्यावर घरटं केलं तेव्हा ऐंशीचा हा बाप्या चक्क रडला.

"आईच्या पाठीवर बसलेलं पिल्लू एकदा बघू दे, मार्लिस," मला म्हणाला. "पुढचा बर्फ मी बघेन न बघेन."

जवळच त्यानं पाटी ठोकली: 'घरटं आहे. लांब राहा.' ब्रिटानं तिचा फोटो काढला. "छान केलंत काका! मोटारवाल्यांना असंच खडसावायला हवं." म्हणजे आपण त्यातल्या नव्हेच!

एका रविवारी आम्ही धक्क्यावर कॉफी पीत होतो. ब्रिटा मैत्रिणींचा तांडा घेऊन निघाली. प्रत्येकीला आपापली फळी.

"काकू, या ना! लून माझ्यासाठी नाचतो! पाण्यावर उभा राहून, पंख फडफडवत! ओळखतो मला!"

वेंडेलचा कप हातातच राहिला. "अगं बये, तो नाच नाही! घाबरून हाकलतोय तुला. मागे फीर!"

पण आवाज न करणाऱ्यांना बहुधा ऐकूही येत नसावं. ब्रिटानं हात हलवून टाटा केला.

मोटार मेली सुरू व्हायला तयार नाही. आम्ही पोचलो तेव्हा फळ्यांचं रिंगण झालं होतं. मधे दोन्ही लून पाण्यावर ताठ उभे राहून जिवाच्या आकांतानं पंख आपटत होते. घरट्यावर बसलेली मादीसुद्धा अंडी सोडून आली होती. बाया टाळ्या वाजवत होत्या. एकीला तर गहिवरून आलं होतं.

तराफ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिथं डोमकावळा बसला होता.

"हाड्! हाड् मेल्या!" वेंडेल बोटीत उभा राहून ओरडला. कावळा उडाला. चोचीतून पिवळं गळत होतं.

"श्श, काका!" ब्रिटानं ओठांवर बोट ठेवलं. "पक्ष्यांना आवाजाचा त्रास होतो."

वेंडेलनं मोटार बंद केली. लूननं लांबलचक गळा काढला.

"ऐकलंत?" ब्रिटा कुजबुजली. "गातायत."

बोट तराफ्याला टेकली, ब्रिटाही जवळ सरकली. वाकून वेंडेलनं घरट्यातून फुटकं कवच उचललं, ओंजळीतून नेऊन ब्रिटाच्या पायाशी, फळीवर ठेवलं.

"घे," तो म्हणाला. "हे कुजतं."