तिसरी घंटा

दोन नोव्हेंबर २०१९, शनिवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लुबोमीर हावरानेक यांनी तेल्च या चेक गावातल्या चर्चच्या मनोऱ्याची पंचेचाळिसावी पायरी चढली आणि भिंतीला हात टेकून ते थांबले.

"दम लागला?" मागून यित्काने विचारले.

"मोजतोय."

"पायऱ्या पळून नाही जात बाबा. दम लागलाय म्हणा की सरळ."

जावई रादेक गुडघ्याचे निमित्त सांगून खाली चौकातच थांबला होता. मृतात्म्यांच्या दिवसाच्या मेणबत्त्या आणि हार घ्यायचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले होते.

लुबोमीर यांची बायको ब्लाझेना सप्टेंबरमध्ये गेली. ते राहत त्या ब्रनो शहरातल्या बहुतेकांसारखाच तिचाही कसला विधी झाला नाही. अस्थिकलश दिवाणखान्यात, बॅरोमीटरशेजारी ठेवलेला होता. मात्र शेवटच्या दिवशी तिने नवऱ्याकडे एक मागणे केले होते. माझ्या गावच्या चर्चमध्ये माझ्यासाठी मृत्युघंटा वाजवा, आणि आपल्या बाळासाठीही. लुबोमीर यांनी मान हलवली होती.

ते बाळ यित्काच्या आधीचे. एक दिवसही पुरते जगले नाही. प्रसूतिगृहातल्या म्हाताऱ्या परिचारिकेने तेव्हा दबक्या आवाजात विचारले होते, "कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ का? कुणाला कळणार नाही." राजवट कम्युनिस्टांची होती; कारखान्यात लुबोमीर यांची बढती ठरत आली होती, आणि असल्या गोष्टी तिथे बरोबर कळत. ते नको म्हणाले. पुढे एकदा ब्लाझेना स्वयंपाकघरात त्या बाळाचे नाव सांगू लागली, तेव्हा त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. यित्कापाशी त्यांनी हा विषय कधीच काढला नव्हता.

घंटेच्या खोलीत घंटा वाजवणारे मारेश हात चोळत उभे होते. वय लुबोमीर यांच्याएवढेच असावे.

"या इंजिनिअरसाहेब! आमच्याकडे लिफ्ट नाही, त्याबद्दल देवाकडे तक्रार करा."

"जोडणी बरी आहे," घंटा टांगलेले वरचे लाकडी जू न्याहाळत लुबोमीर म्हणाले.

"बरी? तीनशे वर्षं टिकलीय. तुमच्या कारखान्यातलं काय टिकलं?"

यित्का हसली. लुबोमीर यांनी टोपी काढून खिशात कोंबली.

"ब्लाझेना हावरान्कोवा," मारेश गंभीर होऊन म्हणाले, आणि त्यांनी दोर धरला. घंटा लहान होती, आवाज मात्र थेट छातीत उतरणारा. थोडा वेळ वाजवून ते थांबले, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणाले आणि पुन्हा तितकाच वेळ वाजवली.

"झालं. बाईमाणसाला दोनदा."

लुबोमीर हलले नाहीत. मारेश दोर खुंटीला गुंडाळू लागले. एक वेढा झाला, दुसरा झाला.

"आणखी एकदा वाजवा."

"तीनदा झाली तर गावाला वाटेल पुरुष गेला. पुरुषाला तीनदा, बाईला दोनदा, लहान मुलाला एकदा. लोक मोजतात अजून."

"लहान मुलासाठीच वाजवायची आहे."

लुबोमीर यांनी लेकीकडे पाहिले नाही.

"कुणाचं मूल?" मारेशनी विचारले.

"माझं. आमचं. त्र्याहत्तर साली झालं होतं. बाप्तिस्मा नाही झाला. मी होऊ दिला नाही."

मारेशनी गुंडाळलेला दोर पुन्हा सोडवला. "ते देवाचं देव बघेल. मला नाव सांगा. बिननावाची घंटा मी वाजवत नाही."

लुबोमीर यांची टोपी खिशातून निघून हातात आली होती. तिची कड ते बोटांनी चाचपत होते, जणू शिवणीतच कुठेतरी ते नाव सापडणार होते.

"शिमोन," यित्का म्हणाली.

त्यांनी वळून पाहिले.

"आईने सांगितलं होतं. मी सोळा वर्षांची होते तेव्हा. बाबांना विचारू नकोस म्हणाली, त्यांना सोसत नाही."

"शिमोन," लुबोमीर पुटपुटले. आणि मग मारेशना म्हणाले, "मी ओढू का?"

मारेशनी दोर त्यांच्या हाती दिला. पहिले दोन ठोके चुकले; मारेशनी त्यांच्या मनगटावर हात ठेवून ताल दाखवला आणि हात काढून घेतला. पुढचे ठोके नीट पडले.

ते खाली उतरले तेव्हा रादेक मेणबत्त्यांची पिशवी घेऊन दारातच उभा होता. त्याच्यामागे हार विकणारी बाई एप्रनला हात पुसत वर मनोऱ्याकडे बघत होती.

"काय घोळ घातलात वर? तीनदा वाजली," रादेक म्हणाला. "या बाई मला मघापासून विचारताहेत, कोण पुरुष गेला म्हणून. मी काय सांगू?"

यित्का उत्तर द्यायला पुढे झाली. लुबोमीर यांनी तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवले आणि ते स्वतः त्या बाईसमोर गेले.

"शिमोन हावरानेक," ते म्हणाले. "माझा मुलगा."

"अरेरे! वय काय हो होतं?"

"अकरा तास वीस मिनिटं."