लगेच निघून जाणाऱ्यांचं पान

साप चावला की माणसं घाबऱ्याघुबऱ्या मोबाइलवर काहीतरी शोधतात. तेव्हा समोर येणाऱ्या वेबसाइटींपैकी एक जुनी वेबसाइट मी आहे, मित्रांनो. ‘सर्पदंश मदत’ हे माझं नाव. माझ्याकडे कुणी सुखासुखी येत नाही. जो येतो तो घाईत असतो. ‘साप चवला काय करवे’ असं चुकतमाकत लिहून तो माझ्या दाराशी उभा राहतो. मागे कुणीतरी कण्हत असतं.

माझा जन्म सोलापुरात कमरुन्निसाखालांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. खाला म्हणजे मावशी, सबाची मावशी, निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या लहान लहान सरकारी दवाखान्यांत काढली. साप चावलेली माणसं त्यांच्यापुढे यायची ती बहुतेक वेळा उशिराच. पाय दोरीने करकचून बांधलेला असायचा, जखमेवर ब्लेडने चिरा दिलेल्या असायच्या. लस कपाटात तयार असायची, आणि माणूस तिकडे गावातच कुणाच्या तरी मंत्रापाशी अडकलेला असायचा. हे बघून बघून खाला थकल्या होत्या. त्यांची भाची सबा शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. खाला सांगत गेल्या आणि सबा मला लिहीत गेली.

मी एकाच पानाची होते. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत रुग्णवाहिकेचा नंबर, १०८. त्याखाली चार वाक्यं: बांधू नका, कापू नका, चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका, ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. मग करमाळा, टेंभुर्णी, नातेपुते अशी गावं आणि तिथल्या जवळच्या दवाखान्यांचे फोन. शेवटी खालांचा स्वतःचा नंबर. सबा आणखी काही लिहायला निघाली, तेव्हा खालांनी तिचा हात धरला.

“बस, बेटा. वाचत बसला तर माणूस निघणार कधी?”

माझी कामाची वर्षं अशीच गेली. माणसं यायची, नंबर दाबायची आणि निघून जायची. माझ्यापाशी कुणी रेंगाळलं नाही, आणि त्याचंच मला समाधान होतं. शोधल्यावर उघडणाऱ्या यादीत माझं नाव पहिलं असायचं. एकदा अक्कलकोटकडून सिद्धलिंगप्पा नावाच्या म्हाताऱ्यांचा खालांना फोन आला. “बाई, सून वाचली बघा आमची,” ते म्हणाले. “पोरानं तुमचं पान बगितलं आन् गाडी सरळ दवाखान्याकडंच घातली.” खालांनी ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला सांगितली.

मग एके दिवशी सबाला यादीत माझ्या अगदी खाली एक नवं नाव दिसलं. घरगुती उपायांची ती वेबसाइट होती. साप चावल्यावर दोरी कुठे आवळायची, कोणती मुळी उगाळून लावायची, हे तिच्यावर चित्रांसकट दिलं होतं. सबा रोज सकाळी बघायची. ते नाव माझ्या पायाशी येऊन थांबलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

सबा घाबरली. तिच्या ओळखीचा आदिनाथ दुकानांच्या वेबसाइटी शोधयादीत वर आणून द्यायचं काम करायचा. तिने बोलावल्यावर तो आनंदाने आला. चांगल्या कामाला हातभार लावायचा म्हणून आला होता, मित्रांनो, हे विसरू नका. त्याने माझे आकडे उघडले आणि मान हलवली.

“मॅडम, तुमचा बाउन्स रेट लई जास्त आहे.”

“म्हणजे काय बाळा?” खालांनी विचारलं.

“म्हणजे माणूस आला, एकच पान बघितलं आणि परत गेला. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक काही न घेता दारातूनच फिरलं, तसं. तुमच्याकडे दहातले नऊ जण असेच फिरतात. शोधयंत्राला वाटणार, हिथं काही दम नाही. मग ते तुम्हाला खाली ढकलणार आणि त्या मुळीवाल्यांना वर घेणार.”

सबाने खालांकडे पाहिलं.

“ती साइट वर यायला नको,” खाला म्हणाल्या. “काय करायचं ते कर.”

आदिनाथने मन लावून काम केलं. फणा काढलेल्या नागाचं मोठं हलतं चित्र त्याने माझ्या कपाळावर बसवलं. सापांच्या जातींची पानं जोडली, प्रत्येकाखाली ‘पुढे वाचा’ असं बटण दिलं. ‘तुम्हाला सूचना हव्यात का?’ असं विचारणारी एक चौकट मध्येच उघडू लागली. खालांची चार वाक्यं त्या चित्राखाली गेली, आणि १०८ सकट सगळे नंबर त्याने दुसऱ्या पानावर नेले.

“नंबर आत कशाला नेलास?” खालांनी विचारलं.

“एक बोट लावलं की येतो, खाला. माणूस दुसऱ्या पानावर गेला की बाउन्स धरत नाहीत. आकडा खाली येतो.”

आकडा खरोखरच खाली आला. माणसं माझ्यापाशी थांबू लागली. आदिनाथने फोन करून सबाचं अभिनंदन केलं. मला मात्र ती माणसं दिसत होती. ती चौकट बंद करायची फुली शोधत होती. फुरसं की घोणस, हे वाचत नंबर धुंडाळत होती. आकड्यांत याला थांबणं म्हणतात.

आणि दुसरीही माणसं होती. उसाच्या फडातून, ओढ्याकाठच्या वस्तीवरून, जिथे रेंज जेमतेम येते तिथून ती यायची. नागाचं चित्र उघडायच्या आधीच ती मागे फिरायची. पूर्वीही माणसं पटकन जायची, पण ती दवाखान्याकडे जायची. ही मागे यादीत जात होती आणि दुसरं नाव उघडत होती. वरून बघणाऱ्याला दोघांचं जाणं सारखंच दिसतं, मित्रांनो. मला ओरडून सांगता आलं असतं, तर मी ओरडले असते.

टेंभुर्णीजवळच्या एका गावात रावजी नावाचे शेतकरी राहतात. भर दुपारी जनावरांसाठी बांधावरचं गवत कापताना त्यांच्या घोट्याला घोणस चावली. त्यांची मुलगी पायल, कॉलेजात शिकणारी, भाकरी घेऊन तिथे आली होती. तिने मोबाइल काढला. हे सगळं मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. त्या दुपारी मला फक्त एवढंच कळलं, की कुणीतरी आलं आणि गेलं.

काही आठवड्यांनी पायल खालांच्या घरी आली. वडील अजून सोलापुरातच दवाखान्यात होते. खालांनी पाणी दिलं. तिने ते हातातच धरून ठेवलं.

“तुमचा नंबर मला नंतर सापडला,” ती म्हणाली. “दवाखान्यात बसून बसून तुमची साइट पुन्ना बगत हुते. तवा आत घावला.”

“नंतर म्हणजे? आधी बघितली होतीस?”

“व्हय. तुमचीच आदी उघडली हुती. नुस्तं गोल फिरत ऱ्हायलं. मग सापाचं तोंड आलं, मग कसलं तरी इचारायला लागलं. आबा खाली बसले हुते. मला कायबी सुचंना. मग मी खालची उघडली. ती पटकन उघडली.”

“त्यात काय होतं?” हे विचारताना खालांचा आवाज उतरला. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

“दोरी घट्ट बांधायची आन् सोडायची न्हाय. मीच बांधली. मुळी आणायला चुलता गेला, तो येईस्तोवर वाट बगितली. दवाखान्यात न्हेलं तवा पाय काळा पडला हुता.” ती थांबली. “आबा वाचले. पाय गुडघ्याखाली काढला. डॉक्टर म्हनले, दोरी नसती तर कदाचित ऱ्हायला असता.”

मग पायल म्हणाली, “मी भांडायला न्हाय आले. तेवढा नंबर वर घ्या. एवढंच सांगायला आले.”

सबाने तिथल्या तिथे आदिनाथला बोलावून घेतलं. तो आला. पायलने तारीख आणि वेळ सांगितली. त्याने लॅपटॉपवर ती दुपार शोधली. टेंभुर्णीच्या बाजूने आलेली एक भेट होती, काही क्षणांचीच.

“ही मला बाउन्स म्हणून दिसली होती,” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं, कुणीतरी सहज आलं आणि गेलं.”

पायल पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत राहिली. मग तिने हातातलं पाणी टेबलावर ठेवलं.

त्याच संध्याकाळी आदिनाथने स्वतःच्या हाताने नाग उतरवला, चौकट काढली, सापांची पानं पुसली. मी पुन्हा एका पानाची झाले, हलकी, कमजोर रेंजवरही झटकन उघडणारी. पण तोवर यादीत मी घसरले होते. शोधयंत्र कशावरून कुणाला चढवतं आणि कुणाला उतरवतं, ते नक्की कुणीच सांगू शकत नाही. इतकं मात्र दिसतं, की जिथून माणसं हिरमुसून मागे येतात आणि शेजारच्या दारात जातात, ते दार फार दिवस पहिलं राहत नाही. उतरायला मला थोडेच दिवस लागले. चढणं अजून संपलेलं नाही. मुळीवालं पान आज सगळ्यात वर आहे.

पायल आता गावातल्या बायकांना एकेक करून १०८ नंबर तोंडपाठ करायला लावते. खाला अजूनही दवाखान्यांना फोन करून लस आहे का ते विचारतात आणि सबा मला ताजी ठेवते. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं पान तयार करेल. त्याला जपा. माणूस ज्यासाठी धावत आला, ते त्याच्या हातात आधी द्या. त्याला अडवून ठेवण्यात मोठेपणा मानू नका. आणि साप चावला तर मला शोधत बसू नका, १०८ लावा.

काल दुपारी नातेपुत्याच्या बाजूने कुणीतरी ‘साप चवला’ असं लिहिलं. यादी त्याच्यासमोर उघडली. माझं नाव तीत होतं, पण खूप खाली. तिथपर्यंत त्याचं बोट पोचलं नाही.