मेन पाडलास का?

चिनीमातीचा तो पांढरा तुकडा, पोटातून बारीक तार ओवलेला, तिच्या तळहातावर केव्हाचा पडून होता आणि आता तिच्या हाताइतकाच कोमट झाला होता — सकाळी वाळूने मीटरच्या फळीतून तो ओढून काढला तेव्हा कसा गार होता, विहिरीतल्या दगडासारखा. "धर गो काकी," तो म्हणाला होता, "हा फ्यूज ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी माझा जीव. माझं काम होईस्तोवर कोनाला देऊ नको. देवजीकाकानं मागला तरी नाय." हसत म्हणाला. हसत म्हणाला म्हणूनच गुणाबाईला तो कुठे ठेवता येईना. कोनाड्यात ठेवला तर कुणी उचलेल, पदरात बांधला तर गाठ सुटेल... मग तो उजव्या मुठीत धरूनच तिने केर काढला, पाणी भरलं, आणि भाकरीला बसली तेव्हा कळलं की एका हाताने भाकरी थापता येत नाही. वाळूला हे वर्षापूर्वीच कळलं असणार.

ती पडवीत आली तेव्हा तो स्टुलावर उभा होता. डाव्या हाताने पेचकस फिरवत होता आणि उजव्या कोपराने फळी भिंतीला दाबून धरत होता. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. त्याला मदत करायला कुणी पुढे झालं की तो चिडायचा, म्हणून कुणी पुढे होत नव्हतं.

शहापुरात तेव्हा दहा-बारा घरांतच वीज होती, त्यांत तिच्या नवऱ्याचं, देवजीचं एक, कारण घराला लागून त्याची भाताची गिरणी. वीज गेली — आणि लढाई सुरू झाल्यापासून ती हवी तेव्हा जायची — की देवजी गिरणीच्या तेलाच्या इंजिनाचा पट्टा डायनॅमोवर चढवायचा आणि घरातले सहाही दिवे लागायचे. रॉकेल रेशनवर, पण देवजीच्या घरी झगझगाट. फक्त एक करायचं: डायनॅमो सुरू व्हायच्या आधी पडवीतला मेन, खांबावरच्या विजेचा तो लोखंडी दांडा, खाली पाडायचा. नाहीतर घरची वीज उलट्या पावली तारांवर जाते, खांबाखांबांवरून पुढे जाते, आणि तारेवर कुणी माणूस काम करत असेल तर... देवजी गिरणीतून दरवेळी ओरडायचा, "मेन पाडलास का?" आणि ती म्हणायची, "पाडला!"

त्या दिवशीही म्हणालीच की. पाडला होता. मी काय खोटं बोलले?

खोटं नव्हतं. हेच तर वाईट होतं. खोटं असतं तर एका जागी बोट ठेवता आलं असतं.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. लेक मालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मधल्या खोलीत दुपारपासून अडलेली. वीज सकाळीच गेली होती, कंपनीचा वायरमन म्हणून वाळू तीन खांब पलीकडे वळणावर चढला होता. दिवस मावळायला आला, सुईण म्हणाली मला दिसत नाही, देवजीने डायनॅमो लावला, गुणाबाईने मेन पाडला, उजेड झाला. आणि मूल काही येईना. तेव्हा सासूने, धोंडीबाईने, सगळं घर सोडायला लावलं — बाई अडली की घरात काही मिटलेलं, बांधलेलं, दाबलेलं ठेवायचं नसतं. गुणाबाई धावत सुटली. पेटीचं कुलूप काढलं. कणगीचं झाकण काढलं. दोरीच्या गाठी, मडक्यांची तोंडं, लोणच्याच्या बरणीचा दादरा, स्वतःचा अंबाडा... मालूचं ओरडणं आता ओरडणंसुद्धा राहिलं नव्हतं, नुसतं कण्हणं झालं होतं. धोंडीबाई दारात उभी राहून विचारत होती, "आजून काय ऱ्हायलं? बघ गो, काय ऱ्हायलं?" आणि गुणाबाई पडवीत आली तर समोर तो लोखंडी दांडा, खाली दाबून ठेवलेला. तिनेच ठेवलेला.

तिला माहीत नव्हतं असं नाही. हात वर जाताना तिला सगळं माहीत होतं. फक्त ते माहीत असणं कुठेतरी लांब होतं, पलीकडच्या आळीत कुणी हाक मारावी तसं, आणि मालूचं कण्हणं इथे होतं.

तिने दांडा वर केला. दिवे एकदम मंदावले, पिवळे पडले, आणि त्या पिवळ्या उजेडात बारकी रडली.

मग वळणावरून ओरडा आला. वाळू पडला, वाळू पडला... खाली पेंढ्याची उडवी होती म्हणून जिवंत राहिला. लोक त्या बाजूला धावले आणि गुणाबाई उलट, पडवीत गेली आणि तिने मेन परत खाली पाडला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे सासूने नव्हतं सांगितलं. देवजी धापा टाकत आला, त्याने दांडा पाहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "देवा, आपल्या घरची वीज नाय." पुढे कंपनीच्या साहेबापुढेही त्याने देवाची शपथ घेऊन तेच सांगितलं, आणि खऱ्या मनाने सांगितलं. वाळूनेही अंगठा दिला की तार तपासल्याशिवाय मीच हात घातला. त्याला कामावरून काढलं. वरून लोक म्हणाले, चढायच्या आधी प्यायला असेल.

वर्षभर ती थकलेलीच होती. आधी वाटलं, वय. मग वाटलं, बारकीचं करून करून... मालू पोरीला घेऊन सासरी गेली तरी थकवा गेला नाही. रात्री झोप लागायची, तीही चांगली लागायची, याचाच तिला राग यायचा. रंभा, वाळूची बायको, बाजारात भेटली की गुणाबाई तिच्या टोपलीत काहीबाही टाकायची. रंभा म्हणायची, "काकी, तुमी लय देता." त्या वाक्यानंतर तिला घरापर्यंत चालवत नसे.

"काय गो, झोपलीस काय उभ्या उभ्या?" धोंडीबाई उंबऱ्यात येऊन बसली होती. "आन तू रे वाळू, एवढं काय ठोकतोस? भिंत माझ्या नवऱ्यानं बांधलेली हाय."

"भिंतीला सांग, आजे, मी हळू ठोकतो."

"हाय काय ते?"

"मुंबईवरनं आलाय. आटगावपर्यंत रेल्वेनं, तिथनं बैलगाडीनं. तुज्यापेक्षा जास्ती फिरलाय."

धोंडीबाई खूश होऊन हसली. फळीवर तांब्याच्या दोन पात्यांचा खटका होता, मध्ये लाकडी मूठ, वर दोन चिमटे, खाली दोन चिमटे. वाळू स्टुलावरून उतरला. कपाळ पुसलं. "काकी, बघ हं. मूठ एका बाजूला गेली की खांबावरची वीज घरात. दुसऱ्या बाजूला गेली की डायनॅमोची. मधे ठेवली तर कोनाचीच नाय. पाती तीच ती हायत, ती दोनी ठिकानी एकदम जायची नाय. कोनी काय बी करू दे. घाईत, अंधारात, रडत... कसं बी."

रडत, असं तो का म्हणाला?

"आधी मूठ फिरवायची, मग काकाला हाक मारायची, मग इंजिन. दिवे एकेक करून लावायचे. एवढंच."

आता सांगावं, असं तिला वाटलं. वाक्य तयार होतं, वर्षभर तयार होतं, इतक्यांदा मनात म्हटलेलं की त्याची धार गेली होती — वाळू, त्या दिवशी मेन मी... पण धोंडीबाई मध्येच म्हणाली, "म्हंजे डायनॅमोला खाली पाडायचं ना, त्या मेनसारखं?"

"नाय, आजे. डायनॅमोला वर." वाळू पिशवीत हत्यारं भरत होता, मान खाली. "एरवी बसवतात लाईन वर, डायनॅमो खाली. मी उलटा बसवलाय." पक्कड ठेवली. पेचकस ठेवला. "आमची रंभा श्रावनात बाळंत झाली ना, अडली होती. आयनं सगळं घर सोडलं. गाठोडी सोडली, कोंबड्या सोडल्या, बैलाचं दावं बी सोडलं. बैल दोन दिवसांनी धसईच्या बाजारात गावला!" धोंडीबाई पोट धरून हसायला लागली. वाळूही हसला. मग त्याच आवाजात, पिशवीची दोरी ओढत म्हणाला, "तवा मी दारात बसून बघत होतो. म्हटलं, बाया अशा वेळी काय बी खाली दाबलेलं ठेवायच्या नाय. कशा ठेवतील? म्हनून वर."

हसणं संपलं तरी गुणाबाई हसतच राहिली होती, चेहऱ्यावरून ते काढायचं कसं हे तिला कळेना.

"फ्यूज दे, काकी."

तिने मूठ उघडली. तळहातावर लाल वळ उठला होता. त्याने डाव्या हाताने फ्यूज उचलला, जागेवर बसवला, आणि दोन तारा लोंबणारा एक दिवा हातात घेतला. "लाईन आज बंद हाय, बरंच झालं. तू मूठ वर कर, काकाला इंजिन लावाय सांग. मी मीटरपाशी बघतो खांबाकडं काय जातं काय."

"मी?"

"मग कोन?"

तिने मूठ वर केली. देवजीला हाक मारली. पलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं, पट्ट्याची फटफट ऐकू आली, डोक्यावरचा दिवा आधी तांबडा, मग पांढरा झाला. दुपारच्या उन्हात तो अगदी गरीब दिसत होता. मीटरकडून वाळूचा आवाज आला, लहान मुलासारखा, "नाय पेटला! काकी, काय नाय पेटलं इकडं!"

त्याला माहीत होतं. श्रावणापासून. म्हणजे चार महिने तो रस्त्यात भेटला की "काकी, बरी हायस ना" म्हणत होता तेव्हा... आणि रंभा? रंभालाही? की त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि तो नुसती बैलाची गोष्ट सांगत होता? तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर घाम होता, आणि काम नीट झाल्याचं समाधान, बाकी काही नाही.

तो पाणी प्यायला. पिशवी खांद्याला लावून अंगणात उतरला. आता कुणी तिला कधी काही विचारणार नव्हतं. विचारायची जागाच त्याने बुजवून टाकली होती, पक्की, चार खिळ्यांनी. तिला वाटलं होतं, असं झालं की हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट वर्षभर ज्या थकव्याला ती वय म्हणत होती तो आता अंगातून निघून समोर उभा राहिला होता, एखाद्या ओळखीच्या माणसासारखा, आणि त्याच्याशी बोलावं लागणार होतं. कुणाच्या भीतीने नव्हे. कुणी विचारलं म्हणून नव्हे.

वाळू कुंपणापाशी पोचला होता. "वाळू," ती म्हणाली, पण इतकं हळू की इंजिनाच्या आवाजात ते तिलाच ऐकू आलं. तिने चपला शोधल्या.